न बिघडणारा लॅपटॉप

लाल लॅपटॉप खपला तर विल्किनला तीन हजार पेसो कमिशन मिळणार होतं. माल जुना होता, मालकाला तो एकदाचा घालवायचा होता. शिवाय एक फायदा असा होता, जो कुठल्याच कागदावर येत नव्हता. त्या लाल लॅपटॉपची बिजागरी दर दोन-तीन महिन्यांनी ढिली पडायची आणि दुकानात दुरुस्तीचं टेबलही विल्किनच सांभाळायचा. म्हणजे गिऱ्हाईक म्हणून आलेली योकास्ता पुन्हा पुन्हा येणार! करडा लॅपटॉप विकला तर कमिशन जेमतेम आठशे, आणि योकास्ता गेली म्हणून समजायचं. कारण तो लॅपटॉप काही केल्या बिघडतच नव्हता.

ती पहिल्यांदा आली ती मंगळवारी, दुपारी तीनच्या सुमाराला. दारात पाऊल टाकलं आणि वीज गेली. दुआर्ते रस्त्यावरची गाणी एकदम गप्प झाली, दुकानातल्या संगणकांचे पडदे पटापट काळे पडले.

"कुणी हात लावू नका हं," अंधारातून आवाज आला. "बघू दे तरी, कोण कोण जिवंत राहतंय."

दोनच राहिले. लाल आणि करडा. करड्याच्या उजेडात विल्किनला आधी एक हनुवटी दिसली, मग हनुवटीवरचा तीळ... आणि मग पुढचं वाक्य काही केल्या आठवेना.

योकास्ता वाण्यांच्या दुकानांचे हिशेब लिहायची. एका दुकानातून दुसऱ्यात जायचं ते वाटेत माणसं घेत जाणाऱ्या टॅक्सीत, मागच्या सीटवर चौघांत दाटीवाटीने बसून. म्हणून लॅपटॉप हवा होता पातळ, वजनाला हलका, आणि वीज नसताना टिकणारा. भिशी लागली होती, पस्तीस हजारांची. वर एक पेसो नाही.

बुधवारी ती पुन्हा आली. बरोबर वीज जायच्या वेळेला.

"काय हो, येणाऱ्या प्रत्येक बाईला 'माझी राणी' म्हणता," ती करड्याची बटणं दाबून बघत म्हणाली. "मघाशी त्या आजींनासुद्धा म्हणालात. मलाच तेवढं 'बाई'?"

"ते... धंद्याचं बोलणं असतं."

"आणि माझ्याशी?"

"तुमच्याशी... धंदा नीट जमत नाहीये."

ती हसली. गल्ल्यामागून मालक राडामेस खाकरले.

गुरुवारी ती आली ती पैसे घेऊनच. लाल लॅपटॉप उचलून तिने उघडला, मिटला, पुन्हा उघडला.

"हाच देऊन टाका. रंग छान आहे."

झालं! तीन हजार हातात होते, आणि दर दोन महिन्यांनी तो तीळही. विल्किनने खोकं काढलं. टेप काढली. मग टेप खाली ठेवली.

"नका घेऊ," तो हळूच म्हणाला. "बिजागरी जाते. करडा घ्या."

"लालवर तुम्हाला किती सुटतात?"

"तीन हजार."

"आणि करड्यावर?"

"आठशे."

"म्हणजे बावीसशेचं नुकसान. कुणाच्या खाती टाकायचं?"

"तेवढंच नाही," विल्किनने एकदाचं तोंड उघडलं. "करडा घेतलात तर तुम्ही परत येणार नाही... ते नुकसान मी अजून धरलेलंच नाही."

योकास्ताने लाल लॅपटॉप मिटून बाजूला सारला. कानाची पाळी मात्र लाल झाली.

"माझ्या वहिनीचा लाल लॅपटॉप दोनदा तुमच्याच टेबलावर येऊन गेलाय," ती म्हणाली. "करडाच घ्यायचा हे माझं मंगळवारीच ठरलं होतं."

"मग काल? आज?"

"वेडा आहेस का रे? लॅपटॉप बघायला कुणी तीनदा येतं?"

करड्याचे चौतीस हजार तिने मालकापुढे मोजले आणि तिथल्या कुठल्याही गिऱ्हाइकासारखी हात पसरून उभी राहिली. "आणि वरचं काय देता?" एवढी खरेदी करून वर काही न मागता निघायचं म्हणजे दुकानदाराचा अपमानच.

"माउस घे," मालक म्हणाले.

"माउस नको. हा द्या. आजची दुपार."

"याचा अर्ध्या दिवसाचा पगार कापीन हं!"

"कापा!" विल्किन ओरडला आणि काउंटरवरून उडी मारून बाहेर आला.

तेव्हा शेवटचा हिशेब असा. लॅपटॉपचे चौतीस हजार योकास्ताचे गेले. बावीसशे आणि अर्धा दिवस विल्किनचा गेला. मालकाचा माउस वाचला. कोपऱ्यावरच्या गाडीवर दोघांनी तळलेली केळी आणि सलामीच्या, म्हणजे सॉसेजच्या, चकत्या खाल्ल्या, त्याचे दीडशे पेसो खरं तर विल्किनने द्यायचे; पण दिले योकास्ताने. त्याला खिशात हात घालता येईना. एका हातात लॅपटॉपची पिशवी होती, आणि दुसरा हात तिने धरून ठेवला होता.