सात अक्षरं आणि रिकामी खुर्ची

"इथे खुनी शोधता, की नुसता चहा पिता?"

दारातून आत आलेल्या बाईंचा हा पहिला प्रश्न. मामांचा कप ओठांपाशीच थांबला.

रिटायर झाल्यापासून मामा भाचीच्या डिटेक्टिव्ह ऑफिसात बसत. आलेल्या माणसाला खुर्ची द्यायची आणि भाचीनं काही विचारलं की चुकीचं उत्तर द्यायचं, एवढंच त्यांचं काम. दोन्ही ते मन लावून करत.

"बसा," भाची म्हणाली.

"बसायला आले नाही. माझ्या नवऱ्याला पोलिसांनी उचललंय. सख्ख्या भावाच्या खुनासाठी! दोघांचं भांडण होतं अशी साक्ष कुणी दिली माहितेय? माझ्या थोरल्या जावेनं, मेलेल्याच्या बायकोनं."

मेलेल्या भावाला अख्खं गाव 'डिक्शनरी' म्हणायचं. धंदा टायरचा आणि तोंड फाटकं. लाकडी ठोकळ्यांवरची इंग्रजी अक्षरं जुळवून शब्द करायच्या खेळात मात्र त्याचा हात कुणी धरू शकत नव्हतं. जिंकला की समोरच्याचा पाणउतारा केल्याशिवाय तो उठायचा नाही. शनिवारी क्लबच्या वरच्या खोलीत, त्यानंच जिंकलेला पितळी कप डोक्यात घालून कुणीतरी त्याला संपवलं होतं. गावात फारसं कुणी हळहळलं नाही.

क्लबचा सेक्रेटरी कपाळाला आठ्या घालूनच मामा-भाचीला वर घेऊन गेला.

"पोलिसांचं काम झालंय. तुम्ही आणखी काय उकरणार?"

भाची टेबलाकडे वळली. टेबलावर सात ठोकळे ओळीनं मांडलेले होते. ए, ई, आय, एन, आर, एस, टी.

"हा काय प्रकार?" मामांनी विचारलं.

"पट्टीचे खेळाडू अक्षरं आधी ए-बी-सीच्या क्रमानं लावतात," सेक्रेटरी नाइलाजानं म्हणाला. "अक्षरांचे गटच पाठ असतात त्यांना. हा गट दिसला की रिटेन्स, नॅस्टियर, स्टेनर, रेटिनाज, असे शब्द धडाधड निघतात. डिक्शनरी तर डोळे मिटून काढायचा."

"तो कुठे बसला होता?"

"त्या खिडकीजवळच्या खुर्चीत."

भाची त्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. "इथून अक्षरं उलटी दिसतात. कुणी हलवलीत?"

"कुणी हात लावलेला नाही."

मामा टेबलाला वळसा घालून समोरच्या रिकाम्या खुर्चीपाशी गेले. तिथून अक्षरं सुलटी दिसत होती. मामांना त्यात विशेष काही वाटलं नाही.

"सोमवारी कॉलेजात भाषण होतं त्याचं," सेक्रेटरी कुरकुरला. "शुक्रवारी इंग्रजीच्या प्राध्यापकांनी सगळ्यांसमोर आमंत्रण दिलं. म्हणाले, इंग्रजीचा एवढा व्यासंगी माणूस गावात दुसरा नाही. आता एवढ्या शब्दांचे अर्थ पोरांना कोण सांगणार?"

"आमंत्रणावर डिक्शनरी काय म्हणाला?"

"काहीच नाही. त्याला गप्प बसलेला मी पहिल्यांदाच पाहिला."

कोठडीतला धाकटा भाऊ गजांना धरून उभा होता.

"दुकानाच्या वाटणीवरून भांडलो, हो! पण मी निघालो तेव्हा दादा धडधाकट होता. मला म्हणाला, माझ्याकडे माणूस यायचाय, तोंड काळं कर."

"टेबलावर ठोकळे होते?"

"नव्हते. आणि त्यातलं मला ओ की ठो कळत नाही. दादाची गोष्ट वेगळी. रात्रंदिवस जाडजूड इंग्रजी पुस्तकं घेऊन बसायचा आणि मला अडाणी म्हणायचा. असला विद्वान भाऊ, पण कधी गोड बोलला नाही."

थोरलीनं दार अर्धंच उघडलं.

"धाकटीनं पाठवलं ना? तिला सांगा, मी खोटं बोललेले नाही. भांडण होतं म्हणजे होतं."

"शनिवारी तुमचे मिस्टर क्लबात कशासाठी गेले होते?"

"रोजच जायचे."

"टायर कंपन्यांची पत्रं इंग्रजीत येत असतील. ती कोण बघायचं?"

"मी वाचून दाखवायचे. घरी, दार लावून." बोलून गेल्यावर तिनं ओठ आवळले.

"दृष्टी अधू होती का त्यांची?"

"अधू? घारीची नजर होती!" असं म्हणून तिनं दार धाडकन लावलं.

प्राध्यापक उत्तरपत्रिकांच्या ढिगाआड बसले होते. त्यांनी मान वर केली, पण बसा म्हटलं नाही.

"शनिवारी मी घराबाहेर पाऊल टाकलेलं नाही. त्याला शेवटचं पाहिलं ते शुक्रवारी."

"दर वर्षी फायनलला तुम्ही त्याच्याकडूनच हरायचात ना?"

"हरायचो!" प्राध्यापकांच्या हातातली लाल पेन्सिल टेबलावर आपटली. "मी या भाषेत जन्म घालवला, बाई. आणि त्या माणसाला एका शब्दाचा अर्थ ठाऊक नव्हता. नुसती अक्षरं रचायची! पोपट बरा त्याच्यापेक्षा."

बाहेर आल्यावर मामा म्हणाले, "नुसता जळतोय गं."

"मामा, इन्स्पेक्टरांना फोन लाव. सगळ्यांना उद्या क्लबात बोलवायचंय."

वरच्या खोलीत कुणी कुणाकडे बघत नव्हतं. दोघी जावा दोन टोकांना बसल्या होत्या. प्राध्यापकांनी दोनदा घड्याळ पाहिलं.

"खुनाच्या आधी डिक्शनरी खेळत नव्हता," भाचीनं सुरुवात केली. "अक्षरं समोरच्या खुर्चीकडे तोंड करून होती. म्हणजे तो ती कुणाला तरी दाखवत होता. धाकट्या भावाला यातलं काही कळत नाही. त्याला दाखवून काय उपयोग? पाहुणा त्याच्यानंतर आला. या खोलीला मागून जिना आहे, त्यानं आला असेल तर खाली पत्ताही लागणार नाही."

"पण कोण?" इन्स्पेक्टर करवादले.

"घारीच्या नजरेच्या माणसाला बायको पत्रं वाचून दाखवते, तीही दार लावून. का? कारण डिक्शनरीला इंग्रजी येतच नव्हतं. त्याला हजारो शब्द पाठ होते, पण नुसत्या अक्षरांचे गट म्हणून. अर्थ एकाचाही नाही."

सेक्रेटरीचं तोंड उघडंच राहिलं. थोरलीनं मान खाली घातली.

"भावाला हे माहीत नव्हतं. सेक्रेटरींना नव्हतं. प्राध्यापकांना शुक्रवारपर्यंत नव्हतं, नाहीतर त्यांनी त्याला व्यासंगी म्हणून भाषणाला बोलावलंच नसतं. आणि काल तेच मला म्हणाले, त्याला एका शब्दाचा अर्थ ठाऊक नव्हता. सर, शुक्रवारनंतर तुम्ही त्याला भेटलाच नाहीत. मग हे तुम्हाला सांगितलं कुणी?"

"मी... रागात बोलून गेलो."

"बोललात ते खरं निघालं. बायकोनं कुणाला सांगितलं नाही. राहिला फक्त तो स्वतः."

प्राध्यापकांनी ठोकळ्यांकडे पाहिलं.

"मला बोलावलं त्यानं," ते म्हणाले. "म्हणे भाषण तू लिहून दे, आपल्या लिपीत, मी घोकून टाकतो. मी विचारलं, आणि अर्थ? तर त्यानं ही सात अक्षरं माझ्यापुढे मांडली, घडाघडा शब्द म्हणून दाखवले आणि हसला. म्हणाला, 'अर्थ सगळे तुझ्याकडेच होते ना? मग एकदा तरी जिंकलास का?' कप माझ्या हाताशीच होता."

इन्स्पेक्टरांनी शिपायाला खूण केली. प्राध्यापक उठले.

"म्हणजे आमचे हे सुटले?" धाकटीचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला होता.

"सुटले. चार दिवस आधीच सुटले असते." भाची थोरलीकडे वळली. "भाषणाची अडचण तुमच्या मिस्टरांनी तुम्हाला सांगितली असणारच. कोण येणार आहे, तेही."

"सांगितलं होतं."

"मग पोलिसांना का नाही सांगितलंत?"

"काय सांगायचं? ज्याला गाव डिक्शनरी म्हणतं, त्याला इंग्रजीत धड एक वाक्य बोलता येत नाही?" थोरलीचा आवाज चढला. "आयुष्यभर जपलं त्यांनी ते नाव. गावानं हसायचं त्यांच्या चितेवर?"

"आणि माझ्या नवऱ्याला फासावर जाऊ दिलं असतंत?" धाकटीनं विचारलं.

थोरलीनं तिच्या डोळ्याला डोळा भिडवला. "हो."

आता ही जावेच्या झिंज्या उपटणार, असं वाटून मामा घाईघाईनं पुढे झाले. पण धाकटीनं पर्स उचलली आणि ती दारापर्यंत गेली.

"कोठडीतसुद्धा ते एकच म्हणत होते, वहिनी चुकून बोलली असेल, तिच्या मनात तसं नसणार. आज ते घरी येतील. आत्ताचं हे 'हो' तुम्हीच येऊन सांगा त्यांना. माझ्यावर विश्वास नाही ठेवायचे."

थोरली खुर्चीतून उठली नाही.