जवळची प्रत

“हे शिवून मिळेल का?”

आवाज आधी आला, माणूस नंतर. बाहेर भुरभुर चालली होती आणि दुकानाच्या दारात एक तरुण लॅपटॉपची बॅग तान्ह्या मुलासारखी कवटाळून उभा होता. बॅगेचा पट्टा एका टोकाने तुटून खाली लोंबत होता.

आत्याने मानही वर केली नाही. तिच्यापुढे एका जुन्या शिलाई मशीनचं पोट उघडं पडलं होतं. “आम्ही मशीनी दुरुस्त करतो. पिशव्या शिवत नाही.”

“पिशवी नाही हो, बॅग आहे.”

“पट्टा तुटला की पिशवीच.”

मागच्या टेबलाशी भाची बसली होती, तिला हसू आवरेना. ती एका मशीनच्या शटलचा फोटो काढत होती, शेजारी पट्टी ठेवून, मिलिमीटर मोजता येतील असा. जुन्या मशीनींचे आता कुठे न मिळणारे सुटे भाग आत्या शोधून आणायची, दुरुस्त करायची आणि भाची ते दुकानाच्या वेबसाइटवर विकायला ठेवायची. हातातला कॅमेरा ठेवून ती उठली.

“द्या इकडे. पाच मिनिटं लागतील.”

तिने दाभण घेतलं, दोऱ्याला मेण चोळलं आणि टाका घालायला बसली. तो ओले केस रुमालाने पुसत उभा राहिला. मग भिंतीवरच्या पाटीवर वेबसाइटचा पत्ता दिसला, तेव्हा त्याने खिशातून फोन काढला. थोड्या वेळाने म्हणाला, “तुमचं दुकान उघडत नाहीये.”

“आत उभे आहात की तुम्ही.”

“हे नाही, हे...” त्याने फोन तिच्यापुढे धरला. पांढऱ्या पडद्यावर एक गोल गरगरत होता. “फोटो येतोय... येतोय... पट्टा शिवून होईल, पण शटल काही दर्शन द्यायचं नाही.”

“तुम्हाला भारीच घाई.”

“घाई हाच माझा धंदा आहे,” तो म्हणाला. वेबसाइटचा वेग वाढवणं हेच त्याचं काम होतं.

“मग बसा, घाईराव,” ती दोरा दाताने तोडत म्हणाली. आणि बोलून गेल्यावर आपण एका अनोळखी माणसाला नाव ठेवलं हे लक्षात येऊन तिचे कान तापले.

तो मात्र खूश झाला. पट्टा ओढून बघितला, दोनदा बघितला. “पैसे?”

“पिशव्यांचे आम्ही घेत नाही,” आत्या मशीनच्या पोटातून म्हणाली.

“मग तुमची वेबसाइट मी दुरुस्त करतो. फिट्टंफाट.”

फिट्टंफाट व्हायला आठवडा पुरला असता. घाईरावाने दोन महिने लावले.

तो संध्याकाळी यायचा, तिच्या टेबलाशी स्टूल ओढायचा आणि आत्याला समजेल असं सांगायचा. तुमचे फोटो एका शहरातल्या एका सर्व्हरवर आहेत. गिऱ्हाईक सात समुद्रांपलीकडे. त्याने पान उघडलं की प्रत्येक फोटो एवढा प्रवास करून जातो. म्हणून कंटेंट डिलिव्हरी नेटवर्क घ्यायचं. त्या लोकांचे सर्व्हर गावोगावी असतात. तुमच्या पानांच्या, फोटोंच्या प्रती त्यांच्याकडे राहतात. ज्याला जी जवळ, त्याला ती मिळते.

“म्हणजे शाखा उघडायच्या,” आत्या म्हणाली.

“शाखेत माणूस असतो, आत्या. इथे नुसती प्रत.”

“आणि इथे मी भाव बदलला तर?” भाचीने विचारलं. तिला सगळं मुळापासून लागायचं.

“तर प्रतीला ते लगेच कळत नाही. प्रतीची एक मुदत असते, तुमच्या पानांना मी महिन्याची ठेवलीय. ती संपली की ती मूळ सर्व्हरला विचारते, काही बदललंय का बाई? तोवर जुनंच दाखवत राहते. अगदी हसतमुखाने.”

“हे काही बरं नाही.”

“म्हणून हे बटण. काही बदललं की दाबायचं. सगळीकडच्या जुन्या प्रती पुसल्या जातात.” तो जरा पुढे झुकला. मशीनच्या तेलाच्या वासात त्याच्या ओल्या शर्टाचा वास मिसळला. “आणि एक चोरवाट आहे. पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह टाकायचं, पुढे काहीही लिहायचं. मग जवळच्या प्रतीला वाटतं, हे पान आपल्याकडे नाही. तिला मुळाकडे जावंच लागतं.”

“प्रश्न विचारला की मुळाशी जावं लागतं,” ती म्हणाली.

“बघा! दोन महिन्यांत हुशार झालीस.”

‘बघा’ आणि ‘झालीस’ एकाच वाक्यात आले होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघंही एकदम शटलकडे बघू लागले. त्यानंतर ‘तुम्ही’ पुन्हा काही परतलं नाही. आत्याने ते ऐकलं. स्क्रू पिळता पिळता नुसती खाकरली.

वेबसाइट आता पापणी लवायच्या आत उघडायची. लांबलांबून मागण्या यायला लागल्या. पानाच्या तळाशी तिने एक ‘सूचना’ ठेवली होती, ती रोज बदलायची आणि आठवणीने बटण दाबायची. ‘तेल एकच थेंब, जास्त नको.’ ‘सुई बोथट झाली की कापडाला दोष देऊ नये.’ तो ऑफिसातून वाचायचा आणि संध्याकाळी टोमणा मारायचा. “आजची सूचना कुणाला होती? मला का कापडाला?”

“सुईला.”

“म्हणजे मलाच.”

मग परदेशातून त्याला बोलावणं आलं. आधी काही महिने काम बघायचं, कंपनीचं आणि त्याचं जमलं तर पाच वर्षांचा करार. तो गेला तेव्हा ती निरोप द्यायला गेली, पण बोलली फक्त सामानाबद्दल. तिकडून तो रोज फोन करायचा. ती ‘हं’ आणि ‘बरं’च्या पुढे जायची नाही. कराराचे कागद आले त्या दिवशी तो म्हणाला, “ऐक. ये म्हणालीस तर येतो. सही करत नाही. इथे मला करमत नाही तुझ्याशिवाय... आता स्पष्ट सांगितलं.”

तिच्या हातात बॉबिन होती. ती नुसती फिरवत राहिली.

“मला विचार करू दे,” ती अखेर म्हणाली. “तुझं एवढं चांगलं चाललंय, आणि मी म्हणायचं सोडून ये...”

“कर विचार. महिनाअखेरीला सही आहे. तोवर फोन करत नाही, फोनवर तुझं तोंड शिवलेलं असतं. सूचनेत लिही. मी बघत राहीन. काही नाही लिहिलंस तर समजेन मी.”

महिनाभर सूचनेत ‘तेल एकच थेंब’ तशीच राहिली. ती रोज लिहायला बसायची आणि उठायची. आत्याच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. स्क्रूची खाच दिसेनाशी झाली होती. एका सकाळी आत्या चाचपडत म्हणाली, “ठमे, तू त्याला बोलावत का नाहीस?”

“माझ्यासाठी त्याने सगळं सोडायचं?”

“ते त्याला ठरवू दे. तू फक्त खरं काय ते सांग. मी एकदा नव्हतं सांगितलं. बघ, मशीनी बऱ्या, पण रात्री बोलत नाहीत.”

त्या दिवशी ती बसली. आधी वरच्या भागात लिहिलं, ‘डोळ्याच्या ऑपरेशनमुळे गुरुवारी दुकान बंद.’ मग तळाशी गेली, जुनी सूचना खोडली आणि एका दमात लिहिलं, ‘एक पिशवी कधीची शिवून तयार आहे. मालकाने स्वतः येऊन घेऊन जावी.’

लिहिलं, जतन केलं, आणि कुणी चोरी पकडल्यासारखी टेबलापासून पळाली. आयुष्यात पहिल्यांदा तिने घाई केली.

आत्याचं ऑपरेशन नीट झालं. फोन मात्र वाजला नाही. महिना संपला, आणि नव्या महिन्याच्या पहिल्या दुपारी वाजला.

“कशी आहेस?” त्याचा आवाज फार मऊ होता. “केली मी सही. तुला दोष नाही हं देत. शेवटच्या दिवसापर्यंत बघितलं, तेच होतं. तेल एकच थेंब.”

बटण! बटणच दाबलं नव्हतं. तिकडे त्याच्या शेजारच्या सर्व्हरवर जुनी प्रत हसतमुखाने बसून होती.

“अरे, ती जुनी प्रत!” ती जवळजवळ ओरडली. “मी लिहिलं होतं! बटण दाबायचं विसरले रे... पिशवी तयार आहे, येऊन घेऊन जा, असं लिहिलं होतं...” फोनवर इतकी वाक्यं ती कधीच सलग बोलली नव्हती.

“अरेरे,” तो म्हणाला. “काय हे नशीब. माझ्याच धंद्याने माझा घात केला, बघ. पण आता... सही झाली गं. मोडता येत नाही.”

“हं,” ती म्हणाली. डोळे भरून आले होते. स्वतःचा राग येत होता, हाताचा, बोटांचा. एक बटण!

“तू वाईट वाटून घेऊ नकोस. दोघांचाही दोष नाही,” तो समजूत घालत राहिला. “काळजी घे. आणि आत्या कशा आहेत? डोळ्याचं नीट झालं ना गुरुवारी?”

“हो, नीट झा...”

ती थांबली.

महिनाभर फोन नव्हता. आत्याला त्याचा नंबरही ठाऊक नव्हता. गुरुवार एकाच ठिकाणी लिहिलेला होता. त्याच पानावर, त्याच बैठकीत. पान एक तर जुनं येतं, नाही तर नवं; वरून नवं आणि खालून जुनं येत नाही. हे तिला त्यानेच शिकवलं होतं.

तिने डोळे पुसले.

“प्रश्नचिन्ह लावलं होतंस?” तिने विचारलं.

पलीकडून रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत राहिला. “म्हणजे...?”

“पत्त्याच्या शेवटी. लावलं होतंस का?”

बराच वेळ गेला. घाईरावाला पहिल्यांदाच घाई नव्हती.

“लावलं होतं,” तो म्हणाला. मऊपणा गेला होता. राहिला तो त्याचा खरा आवाज. “जुनी सूचना दिसली आणि मला... हलकं वाटलं गं. हलकं वाटलं म्हणून स्वतःचीच लाज वाटली. म्हणून प्रश्नचिन्ह लावून बघितलं. वाचलं. पिशवी. चार वेळा वाचलं.”

“मग?”

“मग सही केली. वाटलं, नेटवर्कवर ढकललं तर तुला कमी लागेल. ‘ये’ म्हणशील तर येईन, हे म्हणालो तेव्हा खरं होतं... पण ते त्या दिवशीचं.”

“त्याची मुदत संपली होती,” ती म्हणाली.

“असं नको ना बोलूस.”

“बरं,” ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

आतून आत्या आली. डोळ्यावर हिरवं झाकण, एक हात भिंतीला. “त्याचा होता ना? काय म्हणाला? पोचली का सूचना?”

“पोचली, आत्या.”

“मग?”

“मग काही नाही. पट्टा घट्ट बसला होता. पिशवी निघून गेली.”

आत्या चाचपडत जवळ आली, स्टूल सापडलं तशी त्याच्यावर बसली. तिचा हात भाचीच्या पाठीवर पडला आणि तिथेच राहिला. बाहेर पुन्हा भुरभुर सुरू झाली होती. दारातून येणाऱ्या गिऱ्हाइकाला पाय पुसायला जुनं पोतं टाकायला हवं होतं. कुणीच उठलं नाही.

थोड्या वेळाने भाचीने संगणक उघडला. गुरुवारची ओळ काढली. मग तळाशी गेली, सूचना खोडली, आणि सावकाश, एकेक अक्षर टिपत लिहिलं:

‘येथे फक्त मशीनी दुरुस्त होतात. पिशव्या शिवून मिळणार नाहीत.’

जतन केलं. या वेळी ती उठली नाही. बटण शोधलं, आणि दाबलं.