झळ

टिकली बसवल्यापासून यामिनी खरात एकदाही रडली नव्हती, आणि मनोपचार केंद्रात तिचं याबद्दल कौतुकच होत असे.

टिकली हे अर्थात परिचारिकांनी ठेवलेलं लाडाचं नाव. कागदोपत्री तो झळरोधक. कानामागे कातडीखाली बसणारी ही चकती मेंदूतले भीतीचे आणि दुःखाचे संदेश वाटेतच मंद करते. समोरचा बोलतो ते सगळं ऐकू येतं, समजतं, लक्षातही राहतं. फक्त त्याची झळ लागत नाही. यामिनी शिकाऊ मनोपरिचारिका होती. मनोपरिचारिका म्हणजे मनोरुग्णांचं निदान करून औषधं लिहून देण्याचा अधिकार असलेली परिचारिका. त्यांच्या पदव्युत्तर प्रशिक्षणाचं पहिलं वर्ष असं जीवघेणं असे, की निम्म्या मुली ते अर्ध्यावर सोडून घरी जात. झळरोधक आला आणि गळती थांबली. मुली हसेनाशा झाल्या, पण टिकल्या. वरच्यांना तेवढं पुरे होतं.

त्या सकाळी डॉ. केळुसकरांनी यामिनीला खोलीत बोलावलं. झळरोधक त्यांनीच शोधला होता आणि प्रशिक्षणही तेच बघत. कलावतीबाई मगदूम, शिवणकामाच्या निवृत्त शिक्षिका, यामिनीच्या उपचाराखाली होत्या. आदल्या संध्याकाळी त्यांनी जीव दिला होता.

डॉक्टरांनी शेवटच्या भेटीचं ध्वनिमुद्रण लावलं. कलावतीबाईंचा आवाज छान मोकळा होता.

“झोप लागते हो आता. जेवणही जातं. हा तुमचा कुर्ता, शिवून आणलाय. राहिलेली सगळी शिवणं हातावेगळी केली बघा.” मग खुर्ची सरकल्याचा आवाज. “बरं, जाते मी.”

“अहो, येते म्हणा!” डॉक्टर त्या यंत्रावरच ओरडले.

निघताना ‘जाते’ म्हणायचं नाही, ‘येते’ म्हणायचं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कुणी चुकून म्हणालंच, तर ऐकणाऱ्याच्या काळजात चर्र होतं आणि तो ते जागच्या जागी सुधारून घेतो. का, ते कुणालाच धड सांगता येत नाही.

“तू ऐकलं होतंस हे?”

“हो, सर. नेहमी त्या ‘येते’ म्हणायच्या. त्या दिवशी ‘जाते’ म्हणाल्या. लक्षात आलं माझ्या.”

“मग?”

“वाटलं काहीच नाही. लक्षणं तर सुधारत होती.”

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. तेव्हा त्यांचं लक्ष गेलं. कोटाच्या आत यामिनीने तोच कुर्ता घातला होता. तिला अगदी बेतशीर बसला होता.

“चूक माझी आहे,” ते म्हणाले. त्यांना स्वतःची शरम वाटत होती. “शब्द मेंदूत दोन वाटांनी शिरतो. एका वाटेने अर्थ कळतो, दुसरीने धोका. तुम्हाला त्रास नको म्हणून मी दुसरी वाट बुजवली. ते चर्र होणं म्हणजे नुसता त्रास, असंच मी धरून चाललो होतो.” ते उठले. “टिकली आजच काढू या. पण तुझ्या इच्छेशिवाय मला हात लावता येत नाही. तो नियमही मीच आग्रह धरून करून घेतलाय. तुला काढून हवी आहे ना?”

यामिनीने प्रामाणिकपणे विचार केला. काढली तर कलावतीबाईंचं दुःख होईल, हे तिला कळत होतं. ठेवली तर आणखी कुणी जाईल, हेही कळत होतं. दोन्ही गोष्टी तिने शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. त्यातली कुठलीच जड लागेना.

“तुम्ही सांगाल तसं, सर.”

“मी सांगून चालत नाही, बाळ. तुला वाटायला हवं.”

“ते तर काढल्यावर वाटेल ना?”

डॉक्टर पुन्हा खाली बसले.

“बाहेर पेशंट थांबलेत,” यामिनी दाराशी जाऊन म्हणाली. “जाते, सर.”

“येते म्हण गं!” डॉक्टरांचा आवाज फुटला.

“येते,” ती म्हणाली. दोन्ही शब्द तिला सारखेच लागले.