श्रावणची हाळी

शनिवारी दुपारी तुळसाबाई ओट्यावर बसून कंदिलाची काच राखेनं घासत होती. दुसरं काम तरी काय होतं? दारावर पंचायतीनं लाल कागद चिकटवलेला, चौदा दिवस घराबाहेर पाय टाकायचा नाही, आणि आज अकरावा दिवस. ताप उतरला होता. वास मात्र गेला तो गेलाच होता. घासलेटचा डबा नाकाशी धरला तरी पाणी हुंगल्यासारखं वाटायचं.

पंचायतीचा मारोती रोज कुंपणाच्या खांबाला जेवणाची पिशवी अडकवून जायचा. आज तो थांबला.

"काकू, उद्या तुमचा ईस्टर ना? सारं तं बंद आहे. कंदील कायले घासून राह्यल्या?"

"तुह्या काकाचा आहे. आदल्या दिवशी घासाचा असते, म्हून घासून राह्यली."

मारोती चपलेनं माती उकरत राहिला. "काकू… मी काकाच्या डोक्याशी एक धोंडा ठेवला. पांढरा. वळखू येईल."

तुळसाबाई काच घासत राहिली. रडायचं तिचं केव्हाच संपलं होतं. आता उरला होता तो संताप.

कशाचा संताप, तेही ऐका. कळंबहून आडरस्त्यानं आत गेलं की मिशनटोली लागते. एकच गल्ली, दोन्ही अंगांना ख्रिस्ती घरं, वरच्या टोकाला चर्च, आणि नाल्यापलीकडे भिंत घातलेली दफनभूमी. तुळसाबाईचा नवरा श्रावण अडतीस वर्षं या चर्चची घंटा वाजवत आला. टोलीत कोणी मेलं की खड्डा खणायचा तोही त्यानंच. रामधनचा बाप भर मे महिन्यात गेला, तेव्हा जमीन लोखंडी सब्बलही आत घुसू देईना. श्रावणनं हाताची सालटं काढून घेतली, पण खड्डा पुरा केला. बापाशेजारची जागा रामधननं स्वतःसाठी राखून ठेवली, आणि तिला विटांची चौकटही श्रावणनंच घालून दिली. हाच रामधन आता चर्चच्या मंडळीचा सेक्रेटरी. दफनभूमीच्या फाटकाची चावी त्याच्या कमरेला.

श्रावणचं आणखी एक काम होतं, त्याच्या जिवाभावाचं. ईस्टरच्या पहाटे हा कंदील घेऊन दारोदार हाळी द्यायची, "प्रभू उठला होऽऽ!" आतून जबाब यायला हवा, "खरोखर उठला!" जबाब आल्याशिवाय श्रावण दार सोडायचा नाही. एका वर्षी कोणाचा नवा जावई लवकर उठेना, तर हा बाबा पाव तास दारात उभा! सगळ्यात शेवटी त्याचं स्वतःचं घर. तिथं तुळसाबाई चुलीपुढून ओरडायची, "उठला, खरोखर उठला! आता चहा घ्या!" मग सारी टोली मेणबत्त्या घेऊन दफनभूमीत जायची, आपापल्या माणसांच्या कबरींपाशी.

अशा माणसाला मेल्यावर टोलीनं काय दिलं? दोघं नवरा-बायको एकदमच आजारी पडले. श्रावणला दवाखान्याच्या गाडीत घालून नेलं, तुळसाबाईला दाराशीही येऊ दिलं नाही. तिसऱ्या दिवशी गाडी त्याचा देह घेऊन परत आली ती थेट दफनभूमीच्या फाटकाशी. रामधननं कुलूप काढलं नाही. म्हणे, "कमिटीचं ठरलं. रोग आत नको." आत कोण होतं हो रोग लागायला? सगळे मेलेलेच ना! यवतमाळला राहणाऱ्या पास्टरसाहेबांनी फोनवरून सांगितलं, परिस्थिती समजून घ्या. शेवटी प्लास्टिकचे झगे घालून मारोतीनं आणि दोघा जणांनी श्रावणला भिंतीबाहेर, बाभळीखाली पुरलं. प्रार्थना नाही, गीत नाही, मूठभर माती टाकायला बायको नाही. लाज नावाची चीज शिल्लक असती, तर त्या दिवशी टोलीत चूल पेटली नसती.

संध्याकाळी तुळसाबाई गुडघे टेकून बसली. प्रार्थना कसली, भांडणच होतं ते.

"बापा, तुह्या लेकराले लोकायनं खिळे ठोकले, पन कबर तं भेटली ना! उसनी का असेना. एक योसेफ निघाला, स्वतःसाठी खोदलेली कबर देनारा. आमच्या टोलीत एकबी योसेफ नाही निघाला? ज्यानं साऱ्यायचे खड्डे खंदले, त्याले भिंतीच्या बाहेर टाकलं. अन् मले त्याच्यासंगं एक शब्द बोलू देला नाही. एक शब्द, बापा! तेवढा तं देशील?"

सकाळी सहाला मोबाईलवर उपासना आहे, असा रामधनचा मेसेज आला होता. खाली फुलं, जोडलेले हात. तिनं मोबाईल बंद करून डब्यात टाकला.

पहाटे तिला जाग आली ती वासानं.

इतक्या दिवसांनी नाकाला पहिला वास आला, आणि तो घासलेटचा. जळती वात, तापलेला पत्रा. अंधारातच तिनं खुंटीवर हात फिरवला. घासून टांगलेला कंदील नव्हता.

मग गल्लीच्या वरच्या टोकाकडून आवाज आला.

"प्रभू उठला होऽऽ…"

तुळसाबाई दाराशी आली. तो किंचित घोगरा आवाज, शेवटी लांबवलेला सूर. असला आवाज जगात दुसऱ्याचा नव्हता. पहिल्या घरातून झोपाळलेला जबाब आला, "खरोखर उठला…" वर्षानुवर्षांची सवय; तोंडानं आपोआप दिला असेल. लगेच त्या घरात काहीतरी धाडकन पडलं, आणि कोणी तरी बाई किंचाळता किंचाळता थांबली.

त्याच्या टायरच्या चपला फरफटत पुढे आल्या. दुसरं दार, तिसरं दार. काही घरांनी झोपेत जबाब दिला, काहींनी रडत दिला. दिला मात्र सगळ्यांनी. तुळसाबाई दाराला कान लावून बसली होती. भीती वाटत होती, नाही कशाला म्हणू? पण भीतीहून मोठं एक होतं. तो आपल्या दारी येणार होता. राहून गेलेला शब्द आता बोलता येणार होता.

चपला रामधनच्या दारात थांबल्या. त्यानंतरचं घर तिचंच.

"प्रभू उठला होऽऽ…"

जबाब नाही.

"प्रभू उठला होऽऽ…"

नाही. घटका गेली. हाळी तीच, तेवढ्याच सुरात, न थकता. रामधनच्या घरातून श्वासही ऐकू येईना. आणि जबाब आल्याशिवाय श्रावण दार सोडत नाही! तांबडं फुटलं की हाळी संपते. तेव्हा फाटक अडवलं, आता मेलेल्या माणसाची वाट अडवून बसलाय हा! तुळसाबाईच्या मस्तकात तिडीक गेली. तिनं कडी काढली, लाल कागद टराटरा फाडला आणि गल्लीत उतरली.

गल्लीत कोणी नव्हतं. नुसता वास, नाकात जाऊन बसणारा. तिनं रामधनच्या दारावर दोन्ही हातांनी थापा मारल्या.

"रामधन! जबाब दे!"

"काकू…" आवाज अगदी दारामागून, जमिनीलगत आला. तो खाली बसला असावा. "काकू, घरी जा… तुम्ही पॉझिटिव्ह आहा…"

"मरू दे ते! तुह्या बापाचा खड्डा कोनं खंदला? बोल!"

"काकानं…"

"अन् काकाले तू काय देलं?"

"मी भेलो होतो, काकू… लेकरं हायेत घरात…"

"आताबी भे. पन जबाब दे."

आत कोणीतरी फळ्यांच्या फटीशी सरकलं. मग रामधन कुजबुजला, "काकू… तुमच्या मागं कंदील धरून कोन उभं हाये?"

तुळसाबाईनं मागं पाहिलं नाही. समोर दाराच्या फळ्यांवर पिवळा उजेड पडला होता, आणि त्यात तिची सावली हलत होती. एकटीचीच.

"तुलेच माहीत," ती म्हणाली. "दे जबाब."

"खरोखर…" आत हुंदका फुटला. "खरोखर उठला…"

दारावरची सावली सरकली. चपला फरफटत तिच्या घराकडे गेल्या आणि दारात थांबल्या. हाळी आली. या वेळी हळू, घरातल्यासारखी.

तुळसाबाई गल्लीच्या मधोमध उभी राहून ओरडली, "उठला! खरोखर उठला!"  चहाचं न बोलता ती म्हणाली, "आता… आता पडा निवांत."

वास विरळ झाला. नाल्याच्या बाजूला एक उजेड हलत हलत गेला. मग दफनभूमीकडून हाळी आली, आणि तिला जबाबही आला. एका गळ्यातून नव्हे. म्हाताऱ्यांचा, बायांचा, पोरासोरांचा, श्रावणनं ज्यांना ज्यांना मातीत ठेवलं होतं त्या सगळ्यांचा मिळून. "खरोखर उठला!" सारी टोली दारं बंद करून ते ऐकत होती.

उजाडल्यावर मारोती धापा टाकत आला. बाभळीखाली नुसता खड्डा होता, रिकामा. दफनभूमीचं कुलूप जसंच्या तसं गंजलेलं, चावी रामधनच्या कमरेला. आणि आत, रामधनच्या बापाशेजारी, रामधननं स्वतःसाठी राखलेल्या विटांच्या चौकटीत ताज्या मातीचा उंचवटा होता. डोक्याशी मारोतीचा पांढरा धोंडा.

"निघाला म्हनाचा योसेफ," तुळसाबाई म्हणाली, "पन बकोटीले धरून काढा लागला."

पास्टरसाहेब यवतमाळहून गाडी काढून आले. मास्कवर मास्क लावून त्यांनी प्रार्थना म्हटली, पुरी म्हटली. टोली लांब लांब उभी होती. रामधननं स्वतःच्या हातानं फाटक उघडलं आणि ती चावी तुळसाबाईच्या ओट्यावर आणून ठेवली. 

बाभळीखालचा खड्डा मारोतीनं दोनदा बुजवला. दोन्ही वेळा सकाळी तो तसाच उघडा, कडा सब्बलीनं तासलेल्या. तिसऱ्यांदा त्यानं हात जोडले. "ज्याची आतली जागा गेली, त्याच्यासाठी राखला दिसते," म्हणाला. रामधन आता नाल्याच्या वाटेनं जात नाही. पण रोज पहाटे, अंधार असतानाच, त्याच्या घरातून आवाज येतो, "खरोखर उठला… खरोखर उठला…" हाळी दुसऱ्या कोणालाच ऐकू येत नाही. तुळसाबाईलाही नाही.

तिचा कंदील त्या सकाळी परत खुंटीवर होता, आणि तिथंच असतो. त्या ईस्टरपासून तिनं त्यात घासलेटचा थेंब घातलेला नाही. तरी दुपारी ती ओट्यावर राख घेऊन बसते. कोणी विचारलं, काकू, रोज कायले घासता, तर म्हणते, "रोज सकाळी काच काळी असते. घासा लागतेच ना!"