पदरचं घालायचं नाही

पाण्याच्या लोखंडी टाकीमागं कोणी नसतं, असं समजून अक्षदा तिथं गेली आणि तिनं शिव्या द्यायला सुरुवात केली.

डोंगराकडं तोंड करून, एकामागून एक. साहेबाच्या गाडीला, पत्र्याच्या खोल्यांना, त्या खोल्यांचं कौतुक करणाऱ्या तोंडांना. पाऊस बारीक लागला होता. शेवटची शिवी तिच्या वाडीच्या बोलीतली होती, म्हाताऱ्या बायका देतात ती. ती देऊन अक्षदा दम घ्यायला थांबली, तोच टाकीच्या कडेनं आवाज आला.

“माझं काय चुकलं... तेवढं तरी सांगा.”

एक पोरगा उकिडवा बसला होता. वेल्डिंगची काळी काच त्यानं कपाळावर सरकवली. घाम आणि पाऊस एकत्र होऊन नाकावरून ओघळत होता, आणि डोळे हसत होते.

“तुमाला नाय दिल्या,” अक्षदा म्हणाली.

“मग कोणाला?”

“ज्यांना द्यायच्या त्यांच्यापुढं देता येत नाय. म्हणून हितं येते.”

“रोज?”

“मॅडम येतात त्या दिवशी.”

“बरं हाय. मला वाटलं टाकी गळते म्हणून माझाच उद्धार चाललाय.” तो उठला. “पण ताई, ती शेवटची नाय कळली.”

“कळायला दिलीच नव्हती. आणि ताई म्हणू नका.”

“मग काय म्हणू?”

“टाकी बघा तुमी... टाकी.”

ती पाय आपटत निघाली. कान मात्र तापले होते, आणि ते रागानं नव्हे, हे तिला समजत होतं. त्याचाही तिला राग आला.

पोराचं नाव साईराज. चौक गावाला हायवेवर त्याच्या चुलत्याचं गॅरेज होतं, तिथं तो वेल्डिंग करायचा. छावणीत काही मोडलं की त्याला फोन जायचा. आणि छावणीत रोज काहीतरी मोडायचं.

छावणी म्हणजे पत्र्याच्या खोक्यांची रांग. वर डोंगरात सावरवाडी होती. गेल्या पावसाळ्यात डोंगर तिच्यावर बसला. जे उरले त्यांना खाली आणून या खोक्यांत ठेवलं, आणि तात्पुरतं आहे म्हणून सांगितलं. गरिबाचं तात्पुरतं किती लांब असतं, ते ज्यानं सांगितलं त्याला कधी भोगावं लागत नाही.

अक्षदा वाचली, कारण ती कर्जतला वसतिगृहात राहून कॉलेज करत होती. आईबाप लहानपणीच गेलेले. धाकटा भाऊ ऋतिक होता. तो सापडला नाही.

सरकारी माणसं आली, डॉक्टर आले, मनाचं दुखणं विचारणाऱ्या मॅडम आल्या. सगळे म्हणाले, ही माणसं मराठीच तर बोलतात. पण वाडीची बोली वेगळी. म्हातारी माणसं आणि पोरं साहेबापुढं बसली की त्यांच्या तोंडून बोलीशिवाय काही निघेना. मग मॅडमनी अक्षदाला दुभाषी म्हणून बसवलं आणि पहिल्याच दिवशी बजावलं, “ती बोलतील तेच सांगायचं. पदरचं घालायचं नाही, त्यातलं गाळायचं नाही.”

अक्षदानं ते पाळलं. सदूकाका बोलीत सांगायचा, आणि अक्षदा मराठीत म्हणायची, “माझी सून चुलीपाशी सापडली. हाताला पीठ होतं.” पुढची बाई सांगायची, अक्षदा म्हणायची, “माझं लेकरू माझ्या कुशीतच गेलं.” अख्ख्या वाडीचं मरण त्या एका पोरीच्या तोंडातून जात होतं. मॅडम प्रत्येकाला विचारायच्या, “झोप लागते का?” अक्षदा तो प्रश्न बोलीत करून प्रत्येकाला विचारायची. प्रत्येकाचं उत्तर मराठीत करून मॅडमना द्यायची. मग मॅडम पाणी पिऊन गाडीत बसायच्या.

तो प्रश्न अक्षदाला कोणी केला नाही. ती खुर्चीच्या बाजूला बसायची ना... खुर्चीवर नाही.

बायकांच्या न्हाणीची कडी तुटली म्हणून साईराज पुन्हा आला. न्हाणीसमोर सुंदराआजी अक्षदाला घेऊन टाकळ्याची भाजी निवडत बसली होती. आजीचं सगळं घर डोंगराखाली गेलं होतं. वाडीबाहेरच्या माणसाशी ती अक्षदाच्या तोंडानंच बोलायची.

साईराज काम करताना तीनतीनदा मान वळवत होता. आजी बोलीत म्हणाली, “हा कडी लावाया येतो, का तुला बगाया?”

“आजी काय म्हणतात?” साईराजनं विचारलं.

“आजी म्हणते, कडी नीट लावा.”

“एवढ्यालाच आजी एवढी हसली?”

“आमच्यात कडीला हसतात.”

“अस्सं? मग आजींना सांगा, कडी मी नीटच लावतो. पण तुटली तर... मला परत यायला मिळतं. माझी काय तक्रार नाय.”

अक्षदा आजीकडं वळली आणि बोलीत म्हणाली, “तो म्हणतो, लोखंड चांगलं हाय.”

आजीनं तोंडाला पदर लावला आणि पोट गदगदेपर्यंत हसली. लोखंडाला इतकं हसतात का, असा प्रश्न अक्षदाला पडायला हवा होता. पण साईराज तिच्याकडं बघत होता, आणि तिच्या हातातलं टाकळ्याचं पान उगाच चुरगळत होतं.

मग तो हळूच म्हणाला, “एक सांगू? ही कडी तुटलेली नाय. उचकटलीय. मागचीही तशीच होती.”

अक्षदाचं हसू तिथंच विझलं.

तिला जना आठवली. सदूकाकाची नात, कोवळी पोर. अलीकडं ती न्हाणीत जातच नव्हती. ओढ्यावर अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात बसायची आणि कुडकुडत यायची. अक्षदानं तिला जवळ घेतलं, केस विंचरले आणि विचारलं. जनानं आधी तिच्या हातातली फणी घेतली, तिचे दाते मोजले. मग तिनं सांगितलं. छावणीचा सुपरवायझर वाल्मिक कडी उचकटायचा. ती आत असली की दार लोटून उभा राहायचा, मोबाईल पुढं धरून. आणि म्हणायचा, बोललीस तर तुमच्या घराचं नाव कापीन.

अक्षदा सदूकाकाकडं गेली. काकाला ते ठाऊक होतं. त्यानं मान वर केली नाही.

“पोरी, पक्की घरं यायची हाईत. नावं त्याच्या हातात. आमी म्हातारी माणसं कुटं जावं?”

“काका, नात हाय तुझी.”

“म्हणून तर म्हणतो... एकदा घरात जाऊ दे तिला.”

अक्षदा त्याच्यावर ओरडणार होती. पण ज्याचं घर डोंगराखाली गेलं त्या माणसावर कसलं ओरडायचं? राग जिथं पोचायला हवा तिथं पोचत नाही आणि घरातल्या घरात फिरतो. तेच तर वाल्मिकसारख्यांना हवं असतं.

वाल्मिक स्वतःच तिला वाटेत भेटला. जना तिच्याशी बोलल्याचं त्याच्या कानावर गेलं होतं, तरी गोड बोलला. “उद्या मॅडम कमिटी घेऊन येतायत, पोरींनाही विचारणार हाईत. जनाला काय बोलायचं ते बोलू दे. तू मराठीत एवढंच सांग, दाराची अडचण हाय. खोटं नाय ना ते?”

हायवेवरच्या टपरीवर साईराज चहा पीत होता. ती पावसातून आली, तशीच बाकावर बसली. त्यानं काही न विचारता आपला गरम पेला तिच्या हातात दिला.

“अक्षदा,” तो म्हणाला. पहिल्यांदाच नावानं. “तुला झोप लागते का गं?”

तिनं मागं वळून पाहिलं. हा प्रश्न कोणाला करायचा, कोणत्या बोलीत सांगायचा... मागं कोणी नव्हतं. रस्त्यावरून ट्रक जात होते.

“तुलाच विचारतोय,” तो म्हणाला.

दुसऱ्यांचं सांगताना ती कधी अडखळली नव्हती. स्वतःचं तिला सांगता आलं नाही, म्हणून तिनं जनाचं सांगितलं. साईराज ऐकत गेला आणि त्याचा चेहरा काळा पडत गेला. तो ताडकन उठला.

“कुठंय तो? गजानं पाय मोडतो त्याचे.”

“बस खाली. तू मोडशील, मग सगळे तुझंच बोलतील. जनाचं कोण बोलेल?”

“मग मी काय करू?”

“उद्या ये. दारात उभा राहा.” ती थांबली. “मला दिसशील असा.”

दुसऱ्या दिवशी मोठ्या खोक्यात कमिटी बसली. मॅडम, दोन साहेब, बाजूला वाल्मिक, पांढऱ्या शर्टात. समोर वाडीची माणसं खाली बसलेली. जनाला खुर्चीवर बसवलं. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. दारात साईराज उभा होता, हातात हातोडी... कामावर आल्यासारखा.

जना बोलली. खाली बघत, एवढ्याशा आवाजात, सगळं बोलली. मग तिनं अक्षदाकडं पाहिलं.

अक्षदानं तोंड उघडलं. खोक्यातले सगळे वाट बघत होते. वाल्मिक हसरा चेहरा करून मान हलवत होता. दाराची अडचण, तेवढं म्हटलं की सुटली. तिनं दाराकडं पाहिलं. साईराजनं काही खूण केली नाही. फक्त डोळे हलवले नाहीत.

“मी न्हाणीत असते,” अक्षदा म्हणाली, “तेव्हा वाल्मिकभाऊ कडी काढून दारात उभा राहतो.” आणि मग शब्दामागून शब्द, जना जशी बोलली होती तसा. काही घातलं नाही. काही गाळलं नाही.

वाल्मिक उठला. “मॅडम, पोरगी दाराचं बोलली. बाकी सगळं हिच्या पदरचं! हिचं आणि त्या वेल्डरचं सूत जुळलंय, विचारा कोणाला. छावणीत काय धंदे चालवतात ते झाकायला...”

“अक्षदा,” मॅडम म्हणाल्या, “तू काही घातलंस का?”

एवढ्या दिवसांत मॅडमनी तिला विचारलेला हा पहिला प्रश्न. अक्षदाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते दुःखाचं नव्हतं. वाडीची माणसं जमिनीकडं बघत होती. सदूकाका बोटानं धूळ रेघाटत होता. तिच्या बाजूनं साक्ष द्यायला दोन्ही भाषा कळणारं आणि बोलायला धजणारं माणूस हवं होतं, आणि तसं खोक्यात तिच्याशिवाय कोणी...

“काय घातलं नाय तिनं.”

सुंदराआजी उठली होती. आणि ती मराठीत बोलत होती. खणखणीत बाजारातलं मराठी.

“आवं, माथेरानला करवंदं-जांभळं विकण्यात माजा जलम गेला. शेटलोकांशी घासाघीस काय मुक्यानं केली? सगळं समजतं मला. पोर बोलली तेच ही बोलली. आनि मी माज्या डोळ्यानं बगितला ह्या भाड्याला, कडी काढताना. बापये माणसं घरासाठी गप रायली. माजं तर घरात जायाला कोण उरलंच नाय! मला कशाचं भ्या? ल्हिवा माजं नाव आदी!”

मग एक बाई उठली. मग दुसरी. शेवटी सदूकाका उठला आणि जनाच्या खुर्चीमागं जाऊन उभा राहिला. वाल्मिक दाराकडं सरकला. दारात साईराज होता. तो नुसता उभा राहिला, पण पुरता दारभर.

पोलीस वाल्मिकला घेऊन गेले. मोबाईलही घेतला. जाताना एक साहेब अक्षदाला म्हणाले, “छान काम केलंस. उद्यापासून जनाचा जबाब आहे, तू बसशीलच.”

“नाय बसणार,” अक्षदा म्हणाली.

“अगं, पण तुझ्याशिवाय...”

“दुसरी दुभाषीण आणा. जनाजवळ मी बसेन, तिची माणूस म्हणून. आणि जी येईल तिलाही विचारत जा, झोप लागते का. आमी काय नळ नाय साहेब, की एका बाजूनं ओतलं, दुसऱ्या बाजूनं काढलं.”

ती टाकीमागं गेली. तोंड उघडलं, पण शिवी येईना. मागून सुंदराआजी आली, काठी टेकत. तिच्यामागं साईराज, बोलावं की नको अशा विचारात.

अक्षदा आजीवर वळली. “मराठी येत होतं तुला? आणि सगळं माझ्याकडून वदवलंस?”

आजी तिथंच दगडावर बसली. “व्हय. माजी माणसं गाडली गेली, ते माज्या तोंडानं सायबाला सांगायचं नाय, असं म्या ठरवलं. तुज्या तोंडानं रडले. सगळ्यांनी तुजंच तोंड वापरलं, पोरी. चुकलं आमचं. आता तुजं तू वापर.”

अक्षदा भिजल्या जमिनीवर बसली. आणि मग तिनं सांगितलं. आजीला की साईराजला की डोंगराला, कोण जाणे. “माझ्या भावाचं नाव ऋतिक. माझी ओढणी गळ्यात बांधून विहिरीत उड्या मारायचा. तो सापडला नाय. मला झोप लागत नाय.” एवढंच. पण ते तिचं होतं. साईराज शेजारी बसला. त्यानं हात धरला नाही. नुसता तिच्या हाताशेजारी ठेवला... बराच वेळ. मग तिनंच धरला.

आजी खाकरली. “मला समदं समजत होतं हां. कडी तुटली तर याला तक्रार नव्हती म्हणं.”

साईराज कानापर्यंत लाल झाला. अक्षदाही.

“बोल की रं आता,” आजी म्हणाली. “लाज वाटत आसंल तर मला सांग. मी तिला सांगते. पन आदीच सांगते, मी पदरचं घालनार.”

“आजी, तिला सांगा...” साईराज अडखळला. “सांगा, की कडी न तोडता मला रोज यायचंय. ती शिव्या देईल तेव्हा टाकीमागं बसायचंय. तिला झोप लागेपर्यंत... आणि लागल्यावरही.”

आजी बोलीत अक्षदाला म्हणाली, “पोरगा म्हणतो, भांडी घासीन, पानी भरीन, आजीसासूचं पाय चेपीन.”

अक्षदा हसली. रडता रडता हसली. मग साईराजच्या डोळ्यांत डोळे घालून तिनं वाडीच्या बोलीतली तीच शेवटची शिवी हासडली. पण या वेळी फार हळू.

“आजी,” साईराज घाबरून म्हणाला, “काय म्हणाली ती?”

सुंदराआजीनं तोंड एकदम सरळ केलं.

“व्हय म्हनाली.”

साईराजनं अक्षदाकडं पाहिलं. ती एवढे महिने दुसऱ्याच्या बोलण्यातला शब्दही इकडचा तिकडं होऊ देत नव्हती. आज तिनं काही दुरुस्त केलं नाही.