बंद शेडचा अडीच अँपिअर

माझा भुतांवर विश्वास नाही. क्लॅम्प मीटरवर आहे. म्हणूनच हे लिहावं लागतंय, आणि यात एक शब्द पदरचा नाही.

मागच्या एप्रिलचा मंगळवार. भर दुपारचे साडेबारा. कबनूरमधली अण्णासोंची यंत्रमागाची शेड.

मी कोल्हापुरातून जनरेटरची कामं करतो. आधी लोड मोजायचा, मग जनरेटर किती मोठा आणि केबल किती जाड ते ठरवायचं. केबल बारीक पडली की तापते. सुताच्या धुरळ्यात केबल तापली की पुढचं काम अग्निशमनवाल्यांचं.

मशीनवरच्या पाटीवर मी भरवसा ठेवत नाही. एकेक मशीन चालवून वायरीला मीटरचा चिमटा लावतो आणि वहीत लिहितो. चोवीस माग, प्रत्येकी दोन अँपिअर. ऑफिसातला कूलर, पाऊण. सुताच्या कांड्या भरायचं मशीन एकच. अर्धा.

शेवटी सगळं बंद केलं. मेन स्विच खाली. शेडचा जुना जनरेटर नुसता मोकळा फिरत होता.

त्याच्या वायरीला चिमटा लावला. शून्य यायला पाहिजे होतं.

आला... अडीच.

"अण्णासो, काहीतरी चालू हाय."

"दोन दावत असंल," अण्णासो शांतपणे म्हणाले. "तात्या हाय तो. त्याचा बी लोड धर."

मी हसलो. ते हसले नाहीत.

तात्या त्यांचा कामगार. वर्षापूर्वी हुपरीच्या एसटीत बसल्या बसल्या गेला. अण्णासोंनी त्याचा माग दुसऱ्याच आठवड्यात विकला. जमिनीवर नुसते चार बोल्ट उरले होते.

तिथून आवाज येत होता...

खट्. खट्. खट्.

माग नव्हता. आवाज होता. आणि एकदम तालात होता.

"जनरेटर चालू झाला की येतोय," अण्णासो म्हणाले. "पगार मागत न्हाय. कापड बी देत न्हाय म्हणा."

"पण अडीच दाखवतोय."

"मग मीटर बिघडलाय तुझा."

मी पॅनेलचं दार उघडलं. आतल्या बाजूला जुन्या वायरमननं खडूनं लिहिलं होतं... 'एक मार्च. सगळं बंद, तरी दोन.'

"तात्या कधी गेला?"

"पाच मार्चला."

म्हणजे लोड आधी आला होता. तात्या नंतर गेला.

मी वही बघितली. आता वर अर्धा होता. अर्ध्याचं मशीन एकच, आणि त्यावर बसणारं माणूसही एकच. कालिंदी, तात्याची बायको. शेडमधले सगळे तिला आक्का म्हणायचे.

"आक्काला महिनाभर घरी ठेवा."

"का?"

काय सांगणार? मीटर म्हणतोय?

"आणि कांड्या कोण भरणार? तू?"

आक्का त्या चार बोल्टांपाशी उभी होती. कान देऊन ऐकत होती.

"किती दावतंय रं बाळा?"

"दोन," मी म्हणालो.

"मग हेच हायत," ती म्हणाली. चेहरा असा, जणू नवऱ्याची खुशालीच कळली.

त्या दिवशी मी अर्थिंग नवीन केलं. आक्काच्या मशीनची वायर बदलली. त्या मशीनवर शॉक बसायचं कारणच ठेवलं नाही.

आक्का शनिवारी गेली. शॉकनं नाही. स्वतःच्या घरी, भाकरी थापताना खाली बसली ती उठलीच नाही.

मी परत कबनूरला गेलो नाही.

परवा अण्णासोंचा फोन.

"आक्का गेली तरी लोड कमी न्हाय की. आता दोघं बी पळायल्यात. केबल तापाय लागलीया. यादीत तिला धरलं नव्हतंस व्हय?"

"नव्हतं."

"बिनडोक हायस. आता मीच मीटर आणलाय. आत्ता शेड सगळी बंद हाय, आणि..."

पलीकडं खट् खट् ऐकू येत होतं. त्याच्या मागं कांड्यांची बारीक घरघर.

"...सव्वातीन दावतंय. वरचा पाऊण कशाचा धरू?"

मी वही काढली. दोन तात्याचा. अर्धा आक्काचा. पाऊण अँपिअरचं सगळ्या शेडमध्ये एकच यंत्र होतं.

अण्णासोंच्या ऑफिसातला कूलर. तिथं त्यांच्याशिवाय कुणी बसत नाही.

"बोल की."

"लीकेज असंल अण्णासो. राहू द्या."

"नक्की?"

"नक्की."

ठेवला फोन.

आज तिसरा दिवस आहे. सकाळी त्यांचाच मेसेज आला, जाड केबलचा भाव विचारलाय.

मी अजून उत्तर दिलेलं नाही.