दाव्याला परतलेली मैना

सकाळी गोठ्यात दावं कापलेलं दिसलं. मैना, आमची दुभती म्हैस, गायब. सासरे पुंजाराम रानात शोधायला गेले आणि मी जीप धरून सिन्नरला, पोलिसांत तक्रार द्यायला. हवालदारांनी खूण विचारली. मी मोबाइलमधला फोटो दाखवला. डावं शिंग मोडकं, कानात पिवळा बिल्ला.

ते नंबर उतरवून घेत होते, तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला.

"अंजली, मैना आली बघ घरी. आपली आपण! नवं दावं बी बांधलं. ये निघून."

हवालदार हसले. "चला ताई, सुटलात."

घरी पोचले तेव्हा ऊन कलत होतं. गोठ्यात शिरले आणि थबकले. शेणामुताचा रोजचा वास नव्हता. ओल्या, खणलेल्या मातीचा वास होता... भर उन्हाळ्यात. मैना भिंतीकडे तोंड करून उभी. तेच शिंग, तोच बिल्ला. पण शेपटी हलत नव्हती, अंगावर एक माशी नव्हती. तिचं रेडकू कोपऱ्यात अंग चोरून थरथरत होतं. सासूबाई बादली घेऊन कासेशी बसल्या होत्या.

"लय गार पडलीय गं," त्या पुटपुटल्या. "पान्हा सोडंना."

माझा फोन वाजला. हवालदारच होते.

"ताई... तुमच्या घरी कोणती म्हैस आलीय? घाटाखाली टेम्पो उलटलाय. चोर पळाले, म्हैस मेलीय. मोडकं शिंग. बिल्ल्याचा नंबर तुम्ही दिलेलाच..."

मी सासूबाईंकडे वळले.

"आत्या... हळूच उठा. बाहेर या."

मैनेनं सावकाश मान वळवली. डोळे उघडे होते. बुबुळांवर धूळ साचलेली, आणि पापणी लवत नव्हती.

सासूबाईंना ओढत बाहेर आणलं, कडी घातली. सासरे माणसं घेऊन आले, दार उघडलं. आत फक्त रेडकू. नवं दावं जमिनीवर पडलं होतं, गळ्याची गाठ न सुटता.

घाटाखाली जाऊन आम्ही मैनेला ओळखलं. तिथंच पुरलं.

रेडकू जगेल असं वाटलं नव्हतं. बाटलीतल्या दुधाला ते तोंडच लावेना. सासूबाई म्हणतात, विकून टाकू. पण सोडायला आत जायचं कोणी? दिवस कलला की ते भिंतीपाशी सरकतं, मान उंचावून रिकाम्या हवेला ढुशा देतं. चुटूचुटू आवाज येत राहतो... मग ते वळून आमच्याकडे बघतं. तोंडाला दुधाचा फेस असतो.